रक्तद्रवातील अल्प हिमोग्लोबिन : प्रकाशमापकाने करावयाची मोजणी व तिचा अर्थ

रुग्णाच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण ठरविणे ही प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सर्वत्र होणारी नित्याची तपासणी होय. या तपासणीत तांबड्या पेशींच्या आत असलेले हिमोग्लोबिन मोजले जाते आणि ते पुरेसे आहे किंवा नाही हे पाहिले जाते. याच द्रव्याची आणखी एक मोजणी आहे व तीत प्रश्न नेमका उलट असतो. तांबड्या पेशी वेगळ्या केल्यानंतर जो पिवळसर रक्तद्रव उरतो, त्यात हिमोग्लोबिन जवळजवळ नसावे अशी अपेक्षा असते. ते आढळले तर किती आढळले आणि ते तेथे कोठून आले, हे ठरवावे लागते.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक लिटर रक्तात सर्वसाधारणपणे १२० ते १६० ग्रॅम हिमोग्लोबिन असते. तिच्याच एक लिटर रक्तद्रवात मात्र ते ०.०५ ग्रॅमपेक्षाही कमी असते. म्हणजे दोन्ही मोजण्यांतील प्रमाणांत सुमारे तीन हजार पटींचा फरक आहे. इतकी अल्प मात्रा मोजण्यासाठी यंत्र योग्य असावे लागतेच. पण त्याहूनही अधिक महत्त्व नमुना कसा घेतला याला असते. नमुना घेताना फुटलेल्या पेशी आणि रुग्णाच्या शरीरात फुटलेल्या पेशी यांत प्रकाशमापक भेद करू शकत नाही. तो भेद रक्त घेणाऱ्याने, तंत्रज्ञाने आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने मिळून करावयाचा असतो.

सिल्वासा परिसरात या मोजणीचे महत्त्व

सिल्वासा हे दमणगंगेच्या काठी वसलेले दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य शहर होय. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण आणि दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग झाला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती व तीत निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, कोळी ढोर व नायकडा या येथील अनुसूचित जमाती होत. दक्षिणेस महाराष्ट्राचा पालघर जिल्हा लागून असून वारली, कोकणा इत्यादी समाज सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात. त्यामुळे सिल्वासाच्या रुग्णालयापुढे जे प्रश्न उभे राहतात, तेच तलासरी, डहाणू व जव्हार येथील रुग्णालयांपुढेही येतात.

पश्चिम भारतातील या आदिवासी पट्ट्यात रक्ताचे दोन आनुवंशिक दोष विशेष आढळतात. पहिला सिकलसेलचा. यात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन आत गोळा होऊन पेशीला विळ्याचा आकार येतो आणि ती लवकर नष्ट होते. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरी परिसरातील आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. दुसरा दोष जी-६-पी-डी या विकराच्या कमतरतेचा. हा विकर कमी असलेल्या व्यक्तीस प्रायमाक्विनसारखे औषध दिले असता तांबड्या पेशी एकाएकी मोठ्या संख्येने फुटू शकतात. व्हायव्हॅक्स हिवतापाच्या समूळ उपचारात प्रायमाक्विन चौदा दिवस दिले जाते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी.

सिकलसेलच्या रुग्णास आयुष्यात अनेकदा रक्त द्यावे लागते. सिल्वासा येथील श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल हे या प्रदेशाचे मुख्य शासकीय रुग्णालय असून, २०१९ पासून शहरात वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. दक्षिणेकडील खानवेल, दुधनी, मांदोणी या डोंगराळ भागांतील रुग्ण उपचारासाठी सिल्वासाची वाट धरतो. अशा रुग्णाला दिलेले रक्त त्याच्या शरीरात टिकले की फुटले, हे वेळीच कळणे हा त्याच्या जीविताचा प्रश्न ठरतो.

हिमोग्लोबिन रक्तद्रवात आल्यास काय होते

तांबडी पेशी वार्धक्याने नष्ट होते तेव्हा ती बहुधा प्लीहा व यकृत यांतील भक्षक पेशींच्या पोटात जाते आणि तिच्यातील हिमोग्लोबिनचे तेथेच विघटन होते. रक्तवाहिनीच्या आतच पेशी फुटली तर हिमोग्लोबिन सरळ रक्तद्रवात उतरते. या क्रियेस अंतर्वाहिनी रक्तविलयन असे म्हणतात.

रक्तद्रवात उतरलेल्या हिमोग्लोबिनला हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन बांधून ठेवते आणि ही जोडी यकृताकडे नेली जाते. एक लिटर रक्तद्रवातील हॅप्टोग्लोबिन साधारणपणे ०.५ ते १.५ ग्रॅम हिमोग्लोबिन बांधू शकते. ही क्षमता संपली म्हणजे मोकळ्या हिमोग्लोबिनच्या रेणूचे दोन अर्ध होतात, ते मूत्रपिंडातून गाळले जातात आणि लघवी तांबडी किंवा काळसर होते. प्रमाण फार झाल्यास मूत्रपिंडास गंभीर इजा होते. ज्या सिकलसेल रुग्णांत रक्तविलयन सततच चालू असते, त्यांच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन पुष्कळदा नगण्य उरलेले असते. त्यामुळे इतरांना सहन होणारी वाढही त्यांना अपायकारक ठरू शकते.

दुसरा अपाय रक्तवाहिन्यांवर होतो. वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू स्रवत असतो व तो वाहिन्या सैल ठेवतो. मोकळे हिमोग्लोबिन हा वायू झपाट्याने नष्ट करते. सिकलसेलच्या रुग्णांत असे घडते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. रक्तद्रवातील अल्प हिमोग्लोबिनकडे तेव्हापासून अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

डोळ्यांनी दिसणारी लाली

रक्तद्रव लालसर दिसतो काय, हे नळी उजेडात धरून पाहण्याची पद्धत जुनी आहे व ती सोडण्याचे कारण नाही. तथापि तिला मर्यादा आहेत. लिटरमागे साधारण ०.२ ते ०.३ ग्रॅमपर्यंत हिमोग्लोबिन असेल तर ते डोळ्यांना जाणवत नाही. म्हणजे सामान्य मर्यादेच्या चार ते सहा पट वाढ झाली तरी रक्तद्रव स्वच्छ पिवळा भासू शकतो. सिकलसेलच्या रुग्णास पुष्कळदा कावीळही असते. अशा वेळी गडद पिवळ्या रंगात फिकट लाली लपून जाते. शिवाय एका निरीक्षकास जे लालसर वाटते ते दुसऱ्यास तसे वाटेलच असे नाही आणि काल पाहिलेल्या रंगाशी आजच्या रंगाची तुलना करण्यास काही साधन नसते. यास्तव आकडा हवा व तो प्रकाशमापक देतो.

प्रकाशमापकाचे तत्त्व

रंगीत द्रावणातून प्रकाश गेला म्हणजे त्यातील काही भाग द्रावण शोषून घेते. किती प्रकाश शोषला गेला हे दर्शविणाऱ्या संख्येस शोषणमान म्हणतात. एकाच द्रव्याच्या बाबतीत, एकाच तरंगलांबीवर, शोषणमान हे द्रावणाची तीव्रता आणि प्रकाशाने द्रावणातून कापलेले अंतर यांच्या प्रमाणात असते. बीअर-लॅम्बर्ट नियम तो हाच. प्रत्येक रंगद्रव्य काही ठरावीक तरंगलांब्यांवर अधिक प्रकाश शोषते. प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिनचे शोषण ५४० व ५७७ नॅनोमीटरच्या आसपास वाढते, परंतु त्याचे सर्वांत उंच शिखर ४१५ नॅनोमीटरजवळ, जांभळ्या प्रकाशात आहे. हे शिखर १८८३ मध्ये सोरे या स्विस शास्त्रज्ञाने दाखविले, म्हणून त्यास सोरे पट्टा म्हणतात. या शिखरावरील शोषण ५४० किंवा ५७७ वरील शोषणाच्या सुमारे नऊ पट असते.

नेहमीची पद्धत अपुरी का पडते

प्रयोगशाळेत रक्तातील हिमोग्लोबिनसाठी सायनमेटहिमोग्लोबिन पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली आहे. तीत २० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर ड्रॅबकिन द्रावणात मिसळतात व ५४० नॅनोमीटरवर वाचन घेतात. रक्त येथे २५१ पट विरल होते. लिटरमागे १५० ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या रक्ताचे शोषणमान या रीतीने सुमारे ०.४१ येते. हे वाचन कोणत्याही चांगल्या यंत्रावर सुस्पष्ट असते.

आता याच रीतीने लिटरमागे ०.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेला रक्तद्रव मोजावयाचा ठरविला तर शोषणमान सुमारे ०.००१४ येईल. क्युव्हेटवर बोटाचा ठसा उमटला असता किंवा यंत्राचे शून्य किंचित सरकले असता जो फरक पडतो, तो याहून मोठा असतो. म्हणजे ०.५ ग्रॅम ही मात्रा सामान्य मर्यादेच्या दहा पट असूनही ही पद्धत ती सांगू शकत नाही. दोष यंत्राचा नसून विरलता व तरंगलांबी यांच्या निवडीचा आहे.

तोच रक्तद्रव एका भागास दहा भाग द्रावक या प्रमाणात, म्हणजे केवळ अकरा पट विरल केला आणि ४१५ नॅनोमीटरवर वाचला, तर शोषणमान सुमारे ०.३५ येते. मात्रा तीच, वाचन मात्र अडीचशे पटींनी वाढते.

तीन तरंगलांब्यांची पद्धत

केवळ ४१५ वर वाचन घेऊन भागत नाही. कारण रक्तद्रवात बिलिरुबिन असते, स्निग्ध पदार्थांमुळे आलेला गढूळपणा असतो आणि ही दोन्ही त्याच ठिकाणी काही प्रकाश अडवितात. हार्बो यांनी १९५९ मध्ये सुचविलेली पद्धत यावरील सोपा उपाय होय. रक्तद्रव सोडियम कार्बोनेटच्या ०.०१ टक्के द्रावणात विरल करून ३८०, ४१५ व ४५० नॅनोमीटरवर तीन वाचने घेतात. दोन्ही बाजूंच्या वाचनांची सरासरी ही पार्श्वभूमी समजून ती मधल्या वाचनातून वजा करतात. उरलेल्या संख्येस १६७.२ ने गुणून १,००० ने भागले आणि विरलतेच्या पटीने गुणले म्हणजे लिटरमागे ग्रॅममध्ये उत्तर मिळते.

उदाहरणादाखल, अकरा पट विरल केलेल्या रक्तद्रवाची वाचने ३८० वर ०.०८५, ४१५ वर ०.३६० व ४५० वर ०.०५५ अशी आली असे समजू. दोन बाजूंची सरासरी ०.०७० होते. ती वजा केल्यावर ०.२९० उरतात. यावरून विरल द्रावणात लिटरमागे ०.०४८५ ग्रॅम आणि मूळ रक्तद्रवात सुमारे ०.५३ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, असे उत्तर येते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. साधारण काविळीचा परिणाम या वजाबाकीत बहुतांशी निघून जातो. बिलिरुबिन फार वाढलेले असेल तर काही चूक शिल्लक राहते. रक्तद्रव फार वेळ ठेवल्यास हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन बनते, त्याचे शिखर ४०५ नॅनोमीटरजवळ सरकते व उत्तर प्रत्यक्षाहून कमी येते. म्हणून वाचन ताजे असतानाच घ्यावे. सोरे शिखर अरुंद असल्याने तरंगलांबीत दोन-तीन नॅनोमीटरची चूकही महागात पडते. ठरावीक रंगगाळण्या असलेले साधे रंगमापक यासाठी चालत नाहीत. तरंगलांबी अचूक निवडता येणारा वर्णपटीय प्रकाशमापकच हवा.

कोरड्या क्युव्हेटचे छोटे यंत्र

रुग्णाच्या खाटेजवळ किंवा लहान रक्तपेढीत वापरता यावे असे हातात मावणारे प्रकाशमापकही उपलब्ध आहेत. हेमोक्यू या कंपनीचे रक्तद्रवातील अल्प हिमोग्लोबिनसाठी असलेले यंत्र हे त्यांपैकी होय. याच्या प्लॅस्टिकच्या क्युव्हेटमध्ये कोरडी रसायने आधीच बसविलेली असतात. क्युव्हेटचे टोक रक्तद्रवास लावताच तो केशाकर्षणाने आत ओढला जातो. सोडियम नायट्राइट हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर करते व सोडियम अझाइडशी संयोग होऊन अझाइड-मेटहिमोग्लोबिन तयार होते. त्याचे शोषण ५७० नॅनोमीटरवर मोजतात. दुसरे वाचन ८८० नॅनोमीटरवर घेतात. तेथे हिमोग्लोबिनचे शोषण नगण्य असल्याने जो प्रकाश अडतो तो गढूळपणामुळे, असे धरून तो वजा होतो.

येथे रक्तद्रव विरल करावा लागत नाही, द्रावण मोजून घालावे लागत नाही आणि विषारी सायनाइडही हाताळावे लागत नाही. हे यंत्र लिटरमागे काही दशांश ग्रॅमांपासून काही ग्रॅमांपर्यंतच्या मात्रांसाठी उपयुक्त आहे. रक्तपेढीतील पिशव्या आणि तीव्र रक्तविलयन यांसाठी एवढे पुरेसे होते. परंतु निरोगी माणसाच्या ०.०५ ग्रॅमच्या पातळीवरील सूक्ष्म फरक त्यावरून ठरवू नयेत. त्यासाठी तीन तरंगलांब्यांची पद्धत वापरावी. रक्तासाठी असलेले नेहमीचे यंत्र व त्याच्या क्युव्हेट या कामी वापरू नयेत. दोन्ही यंत्रे दिसावयास सारखी असली तरी त्यांचे मोजमाप-पट्टे वेगळे असतात.

नमुना घेणे : खरी कसोटी

लिटरमागे ८० ग्रॅम हिमोग्लोबिन व २५ टक्के हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात पेशींचा एक-चतुर्थांश भाग, असलेल्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. नमुना घेताना त्याच्या हजार पेशींपैकी केवळ एक पेशी फुटली, तरी रक्तद्रवात लिटरमागे सुमारे ०.१ ग्रॅम हिमोग्लोबिन मिसळते. ही सामान्य मर्यादेच्या दुप्पट मात्रा झाली आणि रुग्णाच्या शरीरात काहीच घडलेले नसते. सिकलसेलच्या पेशी आघाताने अधिक सहज फुटतात, म्हणून या रुग्णांच्या बाबतीत दक्षता दुप्पट हवी.

यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(१) दंडाला बांधावयाचा पट्टा एक मिनिटापेक्षा अधिक वेळ ठेवू नये. शीर सापडली व रक्त येऊ लागले की तो सैल करावा.

(२) त्वचेवरील स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटशी संबंध आला तर पेशी फुटतात.

(३) प्रौढांसाठी २१ गेजची सुई वापरावी. फार बारीक सुईतून रक्त जोराने ओढू नये.

(४) पिचकारीने रक्त घेतले असल्यास सुई काढून ते नळीच्या कडेने हलकेच सोडावे. दट्ट्या जोराने दाबू नये.

(५) नळी हलक्या हाताने उलटसुलट करून मिसळावी. जोरजोराने हलवू नये.

(६) या तपासणीसाठी रक्त गोठू न देणारे द्रव्य असलेली नळीच वापरावी. रक्त गोठताना पेशी फुटतात. म्हणून रक्तजल येथे चालत नाही.

(७) रक्तद्रव शक्य तितक्या लवकर वेगळा करावा. सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून वरचा भाग काढून घ्यावा, पेशींच्या थराजवळील भाग सोडून द्यावा व काढलेला रक्तद्रव पुन्हा एकदा फिरवावा. एखादी पेशी मागे राहून नंतर फुटली तरी वाचन बिघडते.

(८) रक्ताची नळी बर्फाला थेट टेकवू नये. गोठलेल्या नमुन्यातील पेशी फुटतात व तो नमुना निरुपयोगी होतो.

दुर्गम भागातून नमुने पाठविताना सातवी सूचना निर्णायक ठरते. मांदोणीसारख्या ठिकाणी घेतलेले रक्त उन्हाळ्याच्या दिवसांत तसेच गाडीतून सिल्वासापर्यंत आणले, तर उष्णता व धक्के यांनी काही पेशी फुटणारच. रक्तद्रव जागीच वेगळा करून पाठविण्याची सोय असेल तरच हा नमुना बाहेरून मागवावा. अन्यथा रुग्ण सिल्वासास पोचल्यावर नवीन नमुना घेणे इष्ट.

यंत्राची तपासणी

दररोज काम सुरू करण्यापूर्वी रिकाम्या द्रावकावर यंत्राचे शून्य पाहावे. ज्ञात मात्रेचे नियंत्रण द्रावण कमी व जास्त अशा दोन पातळ्यांवर तपासावे. केवळ जास्त पातळीचे नियंत्रण बरोबर आले म्हणून अल्प मात्रा बरोबर मोजली जाते, असे गृहीत धरू नये. वर्णपटीय यंत्राची तरंगलांबी ठरावीक काळाने होल्मियम ऑक्साइडच्या काचेवर पडताळावी. तिच्या शोषणाचे एक शिखर ४१८ नॅनोमीटरच्या जवळ असल्याने ती या कामास सोयीची आहे. क्युव्हेट स्वच्छ, कोरी व ओरखडेविरहित असावी. कोरड्या रसायनांच्या क्युव्हेटचा डबा वापरून होताच घट्ट मिटावा; पावसाळ्यातील दमट हवेने रसायने खराब होतात. प्रत्येक नमुन्याची दोन वाचने घ्यावीत व ती परस्परांशी न जुळल्यास कारण शोधावे.

रक्तपेढीतील उपयोग

साठविलेल्या रक्तातही पेशी हळूहळू फुटत असतात. साठवणीच्या पोषक द्रावणातील तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियस तापमानात ४२ दिवसांपर्यंत वापरता येतात. या मुदतीअखेर एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्के बाहेर पडले आहे, यावरून साठवणुकीची गुणवत्ता ठरते. युरोपीय मार्गदर्शक नियमांत ही मर्यादा ०.८ टक्के, तर अमेरिकेत १ टक्का मानली जाते.

ही टक्केवारी काढण्यासाठी तीन आकडे लागतात : पिशवीतील एकूण हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट आणि बाहेरील द्रवातील हिमोग्लोबिन. शंभरातून हिमॅटोक्रिट वजा करून येणाऱ्या संख्येस द्रवातील हिमोग्लोबिनने गुणावे व एकूण हिमोग्लोबिनने भागावे. समजा, एकूण हिमोग्लोबिन लिटरमागे २०० ग्रॅम, हिमॅटोक्रिट ६० टक्के व द्रवातील हिमोग्लोबिन लिटरमागे २ ग्रॅम आहे. तर रक्तविलयन ०.४ टक्के झाले. हे समाधानकारक होय. त्याच पिशवीत द्रवातील हिमोग्लोबिन ४ ग्रॅमवर गेले तर ०.८ टक्के होऊन युरोपीय मर्यादा गाठली जाते. अशा पिशव्या वारंवार आढळू लागल्यास शीतपेटीचे तापमान, वाहतूक व रक्त घटक वेगळे करण्याची रीत तपासावी. वीज गेल्यावर शीतपेटी किती वेळ थंड राहिली, याची नोंदही अशा वेळी पाहावी.

आकड्याचा अर्थ

रक्त चढविणे सुरू असताना रुग्णास थंडी वाजून ताप आला, कंबर दुखू लागली आणि रक्तद्रवात लिटरमागे ०.६ ग्रॅम हिमोग्लोबिन आढळले, अशी कल्पना करू. हे खरे रक्तविलयन असेल आणि नमुना नीट घेतला नसेल असे मानून ते दुर्लक्षिले गेले, तर मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका आहे. उलट, नमुनाच सदोष असेल व तो खरा मानला गेला, तर मोठ्या प्रयासाने मिळविलेले जुळणारे रक्त वाया जाते आणि ज्याला त्याची निकड आहे तो रुग्ण त्यास मुकतो. दोन्ही चुका रुग्णासच भोवतात.

म्हणून अशा वेळी रक्त देणे प्रथम थांबवावे, शीर खारट द्रावणाने चालू ठेवावी आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून सर्व खबरदारी घेऊन नवीन नमुना घ्यावा. दोन्ही नमुन्यांत वाढ तेवढीच दिसली तर ती शरीरातील आहे असे समजण्यास बळकटी येते. दुसरा नमुना स्वच्छ आला तर पहिल्याबद्दल शंका घ्यावी. यासोबत लघवीची तपासणी करावी : पट्टीवर रक्ताची प्रतिक्रिया येते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत, हे हिमोग्लोबिन लघवीत उतरल्याचे लक्षण असू शकते. रक्तगटाची फेरतपासणी, कूम्ब्स चाचणी व बिलिरुबिन यांवाचून केवळ एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये. प्रकाशमापक हॅप्टोग्लोबिनने बांधलेले व मोकळे असे दोन्ही हिमोग्लोबिन एकत्रच मोजतो, हेही ध्यानात असावे.

रक्तगटाच्या फेरतपासणीच्या संदर्भात बॉम्बे रक्तगटाचे स्मरण ठेवणे योग्य होईल. डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत हा गट प्रथम वर्णिला. ही व्यक्ती नेहमीच्या पेशीतपासणीत ओ गटाची भासते. पण तिला ओ गटाचे रक्त दिल्यास तीव्र रक्तविलयन होते. रुग्णाच्या रक्तजलाची तपासणी व दात्याच्या रक्ताशी जुळवणी टाळली तरच हा धोका नजरेतून सुटतो.

सिकलसेलच्या रुग्णांत आणखी एक प्रकार संभवतो. रक्त दिल्यावर काही दिवसांनी, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, दिलेल्या पेशी फुटू लागतात. तोवर रुग्ण आपल्या पाड्यावर परतलेला असतो. लघवी काळी झाली, अशक्तपणा एकदम वाढला, डोळे पिवळे झाले किंवा अंग दुखू लागले तर लागलीच रुग्णालयात यावे, हे रुग्णास व त्याच्या घरच्यांस त्यांच्या बोलीत नीट समजावून सांगितले पाहिजे. या रुग्णांच्या रक्तद्रवात हिमोग्लोबिन एरवीही थोडे वाढलेले असल्याने रक्त देण्यापूर्वी, प्रकृती स्थिर असताना, त्याची मोजणी करून ती रुग्णपत्रिकेवर लिहून ठेवावी. नंतर आलेला आकडा पुस्तकातील सामान्य मर्यादेशी ताडून पाहण्यापेक्षा त्याच रुग्णाच्या आधीच्या आकड्याशी ताडणे अधिक उपयुक्त ठरते. प्रायमाक्विन देण्यापूर्वी जी-६-पी-डी ची तपासणी शक्य असेल तेथे करावी. औषध सुरू असताना लघवी काळसर झाल्यास ते थांबवून तत्काळ वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे.

अहवाल लिहिताना

अहवालात केवळ संख्या लिहून थांबू नये. मोजणीची पद्धत, एकक, नमुना घेतल्याची व रक्तद्रव वेगळा केल्याची वेळ, आणि नमुना पहिला की दुसरा, या गोष्टी नमूद कराव्यात. काही प्रयोगशाळा लिटरमागे ग्रॅम लिहितात, तर काही १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅम. लिटरमागे ०.५ ग्रॅम आणि १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम ही एकच मात्रा होय. रुग्णाला एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठविले जाते तेव्हा एककाच्या गोंधळाने चुकीचा अर्थ लावला जाऊ नये, याची काळजी घ्यावी.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेमुळे आदिवासी भागांत तपासणीचे काम वाढले आहे. तपासणीत रुग्ण सापडणे ही पहिली पायरी होय. त्यापुढे वर्षानुवर्षे त्याची देखभाल करावयाची असते आणि त्या देखभालीत सुरक्षित रक्ताचा वाटा मोठा आहे. रक्तद्रवातील अल्प हिमोग्लोबिनची मोजणी या कामी मोलाची मदत करू शकते. मात्र रक्त घेणारी परिचारिका, रक्तद्रव वेगळा करणारा तंत्रज्ञ आणि आकडा वाचणारा वैद्यकीय अधिकारी या तिघांनीही आपापली खबरदारी पाळली, तरच त्या आकड्यावर विसंबून रुग्णाविषयी निर्णय घेता येईल.